गावाच्या मृतांसाठी एक बाग

महाराष्ट्रातील सर्व नगराध्यक्ष व सरपंच महोदयांस,



जन्म व मृत्यू यांची नोंद ठेवण्याचे काम १९६९ च्या कायद्यान्वये आपल्या कार्यालयांत चालते. आणि त्यामुळे गावात कोणी मनुष्य दिवंगत झाला, की एकवीस दिवसांच्या आत त्याचे नाव, वय व मृत्यूचा दिवस आपल्या दप्तरी दाखल होतो, वारसांना दाखला मिळतो, त्या दाखल्याच्या आधारे सातबाऱ्यावर फेरफार होतो, शिधापत्रिकेतून एक नाव कमी केले जाते, आणि ज्या माणसाने त्या गावात साठ-सत्तर वर्षे पाणी भरले, शेत कसले, मुले वाढविली आणि शेजाऱ्यांची सुखदुःखे वाटून घेतली, त्याच्याशी असलेला गावाचा व्यवहार पुरा होतो. हा व्यवहार आवश्यक आहे, आणि तो बिनचूक व्हावा म्हणून आपले कर्मचारी झटतात याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु गावाचे आपल्या मृतांशी असलेले नाते या एका नोंदीपाशी थांबावे, हे मला मनापासून पटत नाही. आणि म्हणून प्रत्येक नगरपरिषदेने व प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत एक स्मृतिवन उभारावे, दिवंगतांच्या नावाने झाडे लावण्यासाठी जमिनीचा एक तुकडा कायमचा राखून ठेवावा, आणि त्या झाडांच्या जोपासनेचा हक्क आप्तेष्टांना द्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे अनावृत पत्र लिहीत आहे.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, तेथे अजानवृक्ष आहे. त्या वृक्षाची मुळी समाधिस्थ ज्ञानेश्वरांच्या कंठाला लागल्याची आणि ती दूर करण्यासाठी एकनाथ पैठणाहून आळंदीस आल्याची कथा वारकरी आजही तितक्याच श्रद्धेने सांगतात. देहूस तुकाराम बीजेच्या दिवशी समुदाय जमतो तो नांदुरकीच्या झाडापाशी. आपल्या मळ्यातच ज्याला विठ्ठल भेटला त्या सावता माळ्याचे स्मरण अरणला होते तेही त्याच्या मळ्याच्या संगतीनेच. थोरामोठ्यांच्या दहनस्थानी तुळशीवृंदावन बांधण्याची चाल मराठेशाहीत होती, आणि ज्या घरांची परिस्थिती बरी होती त्यांनी शेताच्या कडेला तसाच एखादा चौथरा बांधून त्यावर तुळस लावली. झाडाच्या ठायी गेलेल्या माणसाचे स्मरण ठेवावे, हे या प्रांताला कोणी शिकवावे लागले नाही. मात्र संतांच्या व सरदारांच्या वाट्याला जे आले, ते सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच आले. त्याच्यासाठी वर्षश्राद्धाचे एक पान आणि भिंतीवरची हार घातलेली तसबीर, एवढेच पुष्कळ मानले गेले.

अलीकडे कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत अनेक कुटुंबांनी एक स्तुत्य प्रघात पाडला आहे. ती रक्षा नदीत सोडीत नाहीत. आपल्याच शेतात खड्डा घेऊन, त्यात ती मातीबरोबर मिसळून, वर एखादे आंब्याचे किंवा नारळाचे रोप लावतात, आणि पुढे ते झाड घरातल्या माणसाच्या नात्यानेच ओळखले जाते. नदीचे पाणी निर्मळ राहते आणि बांधावर सावली उभी राहते, म्हणून या प्रघाताचे कौतुक झाले ते यथायोग्यच आहे. पण ज्याच्याकडे शेत आहे त्याच्याकडेच बांध असतो. शेतमजुराने आपल्या आईचे झाड कोणत्या जमिनीत लावावे? तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या कारकुनाने ते कोठे लावावे? ऊसतोडीसाठी वर्षातील सहा महिने मुलूख सोडून राहणाऱ्या कुटुंबाने कोणाच्या बांधाकडे पाहावे? खाजगी जमिनीवर जे स्मरण श्रीमंताला सुलभ आहे, ते निर्धनालाही मिळावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याला सार्वजनिक जमिनीकडेच वळावे लागते. आणि गावाच्या सार्वजनिक जमिनीचे विश्वस्त आपण आहात, म्हणून माझा अर्ज आपल्याकडे आहे.

या अर्जाला एक निकडीचे कारणही आहे. २०२० व २०२१ ही दोन वर्षे आपणांपैकी अनेकांनी अधिकारपदावरून पाहिली. अधिकृत नोंदीप्रमाणे करोनाच्या त्या साथीत महाराष्ट्रातील १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे दगावली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कित्येक घरांत बाप एका रुग्णालयात आणि मुलगा दुसऱ्या रुग्णालयात होता. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांनी अंगभर आवरणे चढवून, आपला जीव धोक्यात घालून, अनोळखी देहांना अग्नी दिला, आणि अस्थींची गाठोडी नावाच्या चिठ्ठ्या लावून स्मशानात नातलगांची वाट पाहत राहिली. त्या मृतांना खांदा मिळाला नाही, त्यांच्या घरच्यांना शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडता आले नाही, आणि पुढे टाळेबंदी उठली तेव्हा दुःख व्यक्त करण्याची वेळ निघून गेली असे समजून जो तो कामाला लागला. या माणसांचे स्मारक म्हणून आपल्या बहुतेक गावांत आज काहीही नाही.

कऱ्हाडजवळच्या एका गावी मी अशा घरातील एक बाई पाहिली. तिचा नवरा २०२१ च्या एप्रिलात जिल्ह्याच्या ठिकाणी वारला, आणि ती स्वतः विलगीकरणात असल्यामुळे तिला त्याचे अखेरचे दर्शन घडले नाही. त्याच पावसाळ्यात ग्रामसेवकाची परवानगी काढून तिने स्मशानाच्या कुंपणालगत बकुळीचे एक रोप लावले होते. मी तेथे गेलो तेव्हा उन्हे उतरली होती. काठीला बांधलेली सुती चिंधी तिने सोडली, ती खोडाला कोठे काचली आहे काय हे साल चाचपून पाहिले, आणि बोटभर सैल ठेवून पुन्हा गाठ मारली. मग खुरप्याने आळ्यातील माती हलविली, उसाच्या पाचटाचा थर सारखा केला, आणि हापशावरून आणलेल्या दोन कळश्या, धारेने माती उकरली जाऊ नये म्हणून, आपल्या पसरलेल्या पंजावरून सावकाश ओतल्या. हे सारे करताना तिच्या चेहऱ्यावर शोकाची छाया नव्हती. कामात गढलेल्या माणसाची एकाग्रता होती. मी विचारले नसताही ती म्हणाली, "तेराव्यापतूर घर मानसांनी भरल्यालं असतंय. फुडं हाताला काय काम लावायचं, ते कुनी सांगत न्हाई."

महोदय, माझे सारे म्हणणे त्या बाईने दोन वाक्यांत सांगितले. आपल्या पूर्वजांनी मृत्यूनंतरच्या दिवसांची जी आखणी केली, तिच्यात शहाणपण आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडावयाची, दहाव्याला घाटावर जावयाचे, तेराव्याला पंगत घालावयाची, अशी कामे एकामागून एक लावून दिल्यामुळे शोकाने जड झालेले हातपाय हलते राहतात आणि सोयरेधायरे भोवती असल्यामुळे मन सावरते. परंतु तेराव्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत जो दीर्घ काळ जातो, आणि खरा एकटेपणा ज्या काळात जाणवतो, त्या काळासाठी आपल्याजवळ विशेष काही नाही. संगमरवरी फलक ही उणीव भरून काढीत नाही, कारण फलकाला कोणाची गरज नसते; एकदा बसविला की तो आपल्या जागी राहतो, आणि माणसे हळूहळू त्याच्याकडे पाहीनाशी होतात. झाडाला मात्र आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी यावे लागते. स्मारक किती काळ टिकते, याकडे आपण फार पाहतो; मागे राहिलेल्यांच्या हातांना ते कोणते काम देते, याकडेही पाहावे, आणि या कसोटीवर जोपासना मागणाऱ्या बागेइतके योग्य स्मारक मला दुसरे दिसत नाही.

या बागेचा लाभ स्त्रियांना विशेष होईल. आपल्याकडे पुष्कळ जातींत व गावांत स्त्रियांनी स्मशानात जाऊ नये असा दंडक आजवर चालत आला. मुलगी बापाच्या चितेपाशी नसते, पत्नी उंबऱ्यावरून मागे फिरते, आणि पुढे जेथे आपल्या माणसाचा देह पंचत्वात विलीन झाला ती जागा त्यांना आयुष्यभर परकीच राहते. स्मृतिवनाच्या वाटेवर असा कोणताही दंडक असणार नाही. तेथे त्या बसतील, पाणी घालतील, बकुळीची फुले ओच्यात वेचतील. गावाच्या ठरावाने मृत्यूनंतरच्या रूढी बदलू शकतात, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने घालून दिलेलेच आहे. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव त्या गावाने २०२२ च्या मे महिन्यात केला, आणि त्याचे अनुकरण करावे असे शासनालाही इतर गावांना कळवावेसे वाटले. ज्या सभेला रूढी मोडण्याचे सामर्थ्य आहे, तिला एक चांगली रूढी सुरू करण्याचेही सामर्थ्य आहे.

या बागेत ज्यांची नावे प्रथम यावीत, अशी माणसे मला सांगावीशी वाटतात. पहिले झाड बेवारस मृतांसाठी असावे. रस्त्याच्या कडेला, बसस्थानकावर किंवा सरकारी दवाखान्यात जी अनोळखी माणसे मरण पावतात, त्यांचे अंत्यसंस्कार आपल्याच संस्था करतात. त्यांच्यासाठी श्राद्ध घालणारे कोणी नाही, तेव्हा त्यांच्या झाडाचे पाणी गावाने घालावे. दुसरे झाड तान्ह्या बालकांसाठी असावे. दात न आलेल्या मुलाला आपल्याकडे दहन देत नाहीत, पुरतात. त्याचे श्राद्ध नाही, तसबीर नाही, आणि पुष्कळदा त्याचे नावही ठेवलेले नसते. पण त्याच्या आईला त्याचा विसर पडत नाही, आणि ते दुःख कोणासमोर मांडावे हे तिला आयुष्यभर समजत नाही. त्या सर्व बालकांचे मिळून एक झाड असले, आणि त्याच्या आळ्यात पाणी घालण्यासाठी कारण सांगण्याची गरज कोणाही बाईला नसली, तरी या उद्योगाचे सार्थक होईल.

अनेक गावांत स्मशानभूमी जातवार निराळ्या आहेत, हे मी जाणतो. काही लोक दहन करतात, लिंगायत बांधव दफन करतात, मुसलमानांची कबरस्ताने आणि ख्रिस्ती बांधवांच्या दफनभूमी आपापल्या जागी आहेत, आणि ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी होणे उचितच आहे. परंतु बाग एकच असावी. झाड लावणे हे इस्लामात मृत्यूनंतरही पुण्य देत राहणारे दान मानले आहे. बौद्धांना पिंपळाचे महत्त्व सांगावयास नको. आणि हिंदूंच्या वडाला, उंबराला, बेलाला तर देवत्वच प्राप्त झालेले आहे. ज्या गावात जिवंत माणसे एका पाणवठ्यावर येण्यास शेकडो वर्षे लागली, त्या गावात मृतांची झाडे तरी पहिल्या दिवसापासून एका कुंपणात उभी असावीत.

आता व्यवहाराकडे वळतो, कारण सदिच्छेने लावलेली आणि उन्हाळ्यात वाळून गेलेली रोपे आपण सर्वांनीच पुष्कळ पाहिली आहेत. जागेसाठी नवी जमीन संपादन करण्याची गरज नाही. बहुतेक गावांत स्मशानाला लागून, ओढ्याच्या काठी किंवा जुन्या विहिरीपाशी दहा-वीस गुंठे पडीक जमीन वेड्या बाभळीखाली पडून असते. जेथे बारमाही पाणी शंभर पावलांच्या आत आहे, असा तुकडा निवडावा. ठराव करून तो स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत स्मृतिवन म्हणून दाखल करावा, त्याची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, आणि पुढील कोणत्याही कार्यकारिणीस तेथे गाळे, समाजमंदिर किंवा पाण्याची टाकी बांधण्याची मुभा राहणार नाही, असे त्या ठरावातच नमूद करावे. शहरांत तर कायद्याचे पाठबळ तयारच आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ साली जो अधिनियम झाला, त्यान्वये वृक्ष प्राधिकरण नेमावयाचे असते, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते, आणि घरपट्टीच्या बिलातून वृक्ष उपकरही वसूल होतो. त्या निधीचा याहून सुयोग्य विनियोग मला सुचत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना पुरातन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. यंदा लावलेली बकुळ त्या वयाला पोहोचेल तेव्हा ती कोणत्या वर्षी लावली याचा लेखी पुरावा आपल्या नोंदवहीत असेल, आणि तिच्यावर कुऱ्हाड उगारणाऱ्याला तो पुरावा दाखविता येईल.

जमीन पुरणार नाही, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. वीस-वीस फुटांच्या अंतराने एका एकरात सुमारे शंभर झाडे बसतात. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाकाठी दहा-पंधरा माणसे जातात असे धरले, तर आठ-दहा वर्षांत एकर भरून जाईल. यावर उपाय असा, की झाड माणसामागे एक न लावता घराण्यामागे एक लावावे. आजोबांच्या नावाने लावलेल्या झाडाखाली पुढे आजीचे, काकांचे व आत्याचे नाव नोंदले जाईल, आणि भाऊबंदकीत ज्यांच्या वाटण्या झाल्या त्या घरांना त्या एका झाडाच्या पाण्यासाठी तरी एकत्र यावे लागेल. नोंदवही साधी असावी. झाडाचा क्रमांक, जात, लावल्याची तिथी, दिवंगतांची नावे, आणि जोपासना पत्करलेल्या घराचे नाव, एवढे पाच रकाने पुरेत. जागेवर प्रत्येक झाडापाशी एकाच मापाचा घडीव दगड असावा आणि त्यावर नाव व दोन सने याखेरीज काही नसावे. मोठ्याला मोठा दगड, देणगीदाराला दर्शनी जागा, आणि उद्घाटकांच्या नावाची कमान, या तिन्ही गोष्टींस ठरावानेच मज्जाव करावा. झाडाच्या खोडाला खिळे ठोकू नयेत आणि बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधू नये, हेही त्याच ठरावात लिहून ठेवावे.

झाडांची निवड जमीन व पाऊस पाहून करावी. पश्चिम महाराष्ट्रात बकुळ, सोनचाफा, कदंब. कोकणात सुरंगी, उंडी, नागकेशर, फणस. मराठवाड्याच्या व सोलापूरच्या कोरड्या मुलखात कडुलिंब, करंज, शिरीष, आपटा आणि बेल. ओढ्याच्या काठी अर्जुन व जांभूळ. वैशाखात जांभळ्या फुलोऱ्याने भरून जाणारे ताम्हण हे तर आपले राज्यपुष्पच आहे. वड व पिंपळ बागेच्या सीमेवर, विहिरीपासून व भिंतीपासून दूर लावावेत. सुबाभूळ, निलगिरी यांसारखी लवकर वाढून नजरेत भरणारी झाडे टाळावीत. आणि गुलमोहर कितीही देखणा असला तरी वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात, म्हणून माणसे खाली बसणार असतील तेथे तो नको. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी मृताच्या जन्मनक्षत्राचा आराध्यवृक्ष लावावा. कृत्तिकेचा उंबर, रोहिणीचे जांभूळ, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड. गेलेल्या माणसाला कोणत्या झाडाखाली बसावयास आवडत असे, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी मात्र पंचांगाकडे न पाहता तेच झाड लावावे.

खड्डे चैत्र-वैशाखातच घ्यावेत; दोन फूट लांब, तितकेच रुंद व तितकेच खोल. ते महिनाभर उन्हात तापू द्यावेत, म्हणजे मातीतील कीड मरते. मग वरची माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड एकत्र करून ते भरावेत, आणि दोन दमदार पाऊस झाल्यावर रोप लावावे. रोप पुरुषभर उंचीचे, मोठ्या पिशवीत वाढविलेले असावे. पिशवी फाडल्यावर मुळे तळाशी गुंडाळलेली दिसली, तर ती वेटोळी कात्रीने छाटूनच लावावे, नाहीतर झाड पुढे दहा वर्षांनीही वाऱ्याने उपटते. ज्यांना खड्ड्यात रक्षा घालावयाची असेल त्यांनी ती ओंजळभर घालून मातीत नीट मिसळावी आणि उरलेली इतरत्र पसरावी. सारी राख मुळाशी ओतली तर तिच्यातील क्षारांनी कोवळी मुळे जळतात. पहिले तीन उन्हाळे प्रत्येक झाडाला आठवड्याला दोन बादल्या पाणी हवे. पाण्याची टंचाई असेल तेथे बुडाला बारीक भोक पाडून वात ओवलेले मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरावे, म्हणजे ओल थेंबाथेंबाने मुळापर्यंत जाते. तीन वर्षांसाठी एका माळ्याचा पगार अंदाजपत्रकात धरावा. मुंबई-पुण्यास पोटासाठी गेलेल्या घरांची झाडे त्याने व शाळेतील मुलांनी सांभाळावीत, आणि दिवाळीला व भाद्रपदाच्या पितृपक्षात गावी येणाऱ्यांनी आपल्या झाडाची आळी स्वतः करावीत.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. कितीही काळजी घेतली तरी काही झाडे मरतील; वाळवी लागेल, शेळी कुंपण ओलांडील, एखादा उन्हाळा फार कडक जाईल. बापाच्या नावाचे झाड वाळले म्हणजे त्या घराला पुन्हा एकदा मृत्यू पाहिल्यासारखे वाटते, आणि गावात अपशकुनाची कुजबूजही सुरू होते. म्हणून लावणीच्या दिवशीच सर्वांना सांगावे, की झाड हा माणसाचा पुनर्जन्म नव्हे, ती आपण त्याच्या नावाने पत्करलेली सेवा आहे. एक झाड गेले तर पुढच्या मृगात त्याच खड्ड्यात दुसरे लावावयाचे, आणि नोंदवहीत नव्या तिथीची भर घालावयाची. सेवा खंडित झाली नाही, तर स्मरणही खंडित होत नाही.

मोठी स्मारके आपल्या देशात झाली आहेत. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपातील मृतांसाठी भुजच्या भुजियो डोंगरावर विस्तीर्ण स्मृतिवन उभे राहिले, २०२२ साली ते लोकांसाठी खुले झाले, आणि तेथे मृतांची नावे कोरलेली आहेत. आपल्याही राज्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिली आणि ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेलेले माळीण पाहिले. अशा सामुदायिक आपत्तींची स्मारके शासनाने उभारावीत हे योग्यच आहे. पण ज्या माणसाला मृत्यू एकट्याने गाठतो, बिछान्यावर, शेतात वा प्रसूतीच्या खाटेवर, त्याची दखल दूरच्या राजधानीतून घेता येत नाही. ती त्याच्या गावानेच घ्यावयाची असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये अशी ताकीद आहे, आणि तिचे कारण असे दिले आहे, की रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात. राज्यकर्त्याने झाडामागचे माणसाचे मन जाणावे, ही अपेक्षा या मुलखात तीनशे वर्षांपूर्वीची आहे. आज ती आपल्याकडून करणे गैर होऊ नये.

माझी विनंती अखेरीस इतकीच आहे. ग्रामपंचायतींनी येत्या १ मे रोजी भरणाऱ्या ग्रामसभेपुढे आणि नगरपरिषदांनी त्याच्या आसपासच्या सर्वसाधारण सभेपुढे स्मृतिवनाचा ठराव मांडावा. तो विचारार्थ कोणत्याही समितीकडे न पाठविता त्याच बैठकीत मंजूर करावा. वैशाखात खड्डे घ्यावेत, आषाढात बेवारसांचे व बालकांचे अशी पहिली दोन झाडे आपण स्वतः लावावीत, आणि त्यानंतर साथीच्या काळात ज्यांनी आपली माणसे गमावली त्या घरांना, मग ज्याला इच्छा असेल त्या प्रत्येक घराला, मूल्य न घेता एकेक खड्डा नेमून द्यावा. ठरावाला एक पान लागेल, खड्ड्याला एका मजुराचा अर्धा दिवस लागेल, आणि त्यापुढचे काम करण्यास उत्सुक असलेली माणसे आपल्या गावात प्रत्येक आळीत बसलेली आहेत. वैशाख टळला, तर एक पावसाळा टळतो. आणि यंदा ज्या घरातील माणूस गेले आहे त्या घराला आणखी एक वर्ष थांबावयास सांगावे, असे कोणतेही रास्त कारण आपल्याजवळ नाही.



आपला नम्र,
एक नागरिक